डोळ्याला डोळा लागत नाही तेव्हा



बचत गटाची बैठक संपते, रजिस्टर मिटतं, बाया उठून पदर झटकतात, आणि एकजण उगीच मागे रेंगाळते. तिला काहीतरी विचारायचं असतं. मी उपकेंद्रात नर्स होते तेव्हा असे मागे राहून विचारलेले प्रश्न पाळीचे, पांढरं जाण्याचे, पाळणा लांबवण्याचे असायचे. अलीकडे मात्र एकच प्रश्न फार ऐकू येतो. "सिस्टर, मला झोपच येईना बघा. रातभर नुसती कूस बदलायले. एखादी गोळी सांगा ना."

गोळीबद्दल मी बोलणार आहे, पण शेवटी. आधी झोप येते कशी ते बघू, म्हणजे ती का येत नाही हेही कळेल.

आमच्या गटातल्या एका वहिनींचं सांगते. नाव घेत नाही, त्यांना विचारूनच सांगतेय. वय पंचेचाळीसच्या पुढे, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी त्यांची झोप उडाली. पुढे भाव थोडा सावरला, मुलीचं लग्नही पार पडलं, काळजी निम्म्यावर आली. झोप मात्र परत आली नाही. त्यांनी काय केलं? आपण सगळ्या करतो तेच. झोप कमी पडतेय म्हणून लवकर अंथरूण धरायला लागल्या. नऊ वाजता आडव्या व्हायच्या. बारापर्यंत वाशांकडे बघत पडायच्या. मग डोळा लागायचा, दोनला जाग, पुन्हा तळमळ. पाचला उठायची वेळ झाली की नेमकी गाढ झोप. उठल्यावर अंग आंबलेलं, डोकं जड. दुपारी खुरपणीहून आल्या की तासभर कलंडायच्या. रात्री पुन्हा तेच.

आता यातली गोम बघा. झोपेचीही एक भूक असते. सकाळी उठल्यापासून ती हळूहळू साठत जाते, आणि रात्रीपर्यंत पुरेशी साठली की माणूस पडल्या पडल्या झोपतं. दुपारी चार वाजता परातभर चिवडा खाल्ला तर रात्री भाकरी जात नाही. तसंच दुपारी तासभर झोप काढली की रात्रीची भूक मरते. आणि भूक लागायच्या आतच ताटावर बसलं तर घास तोंडात फिरतो. नऊला अंथरुणावर पडणं म्हणजे भुकेआधी ताटावर बसणं.

दुसरी गोष्ट शरीरातल्या घड्याळाची. कोंबड्याला असतं तसं आपल्यालाही असतं. हे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. रोज एकाच सुमाराला उठून उघड्यावर आलं, डोळ्यांना सकाळचा उजेड मिळाला, की रात्री ठरावीक वेळी डोळे जड होतात. रात्री झोप झाली नाही म्हणून एक दिवस आठला उठलात, दुसऱ्या दिवशी पाचला, की घड्याळ बिघडलं.

पूर्वीच्या बायका कशा झोपायच्या, असं कुणी म्हणतं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं नाव जात्याशी जोडलेलं आहे ते उगीच नाही. पहाटे उठून दळण हा बाईच्या जन्माला लागलेला नेम होता. पण त्या बायका दिवेलागणीनंतर फार जागत नव्हत्या, कारण रॉकेल जाळायची ऐपत नव्हती. मला त्या दिवसांचं कौतुक नाही. जात्यानं किती खांदे मोडले ते मी पाहिलंय. गिरणी आली ते बरंच झालं. गंमत एवढीच की दळण गिरणीत गेलं तरी बाईच्या झोपेत त्या वेळची भर पडली नाही. तो वेळ दुसऱ्याच कामांनी खाल्ला.

वहिनींकडे परत येते. त्यांच्या बाबतीत एक तिसरी गोष्टही झाली होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. त्यांच्या मनानं अंथरूण आणि तळमळ यांची गाठ बांधली होती. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी यायची, पण अंथरुणावर पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. "अंथरूण बघितलं की धस्स होतं," असं त्या म्हणायच्या. हे वेड नव्हे. ज्या जागी शंभर रात्री तळमळून काढल्या, त्या जागेचा शरीर धसका घेतं.

ही गाठ सोडवायची रीत रिचर्ड बुटझिन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडली. आपल्याकडे ते दुष्काळाचं साल, खडी फोडायला गेलेल्या बायांना आठवत असेल. रीत अगदी साधी आहे, पैसा लागत नाही. अंथरुणावर जायचं ते फक्त डोळे मिटायला लागल्यावर. पडल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठायचं. दुसऱ्या जागी जाऊन बसायचं, मंद उजेडात हातानं काहीतरी शांत काम करायचं. डोळे जड झाले की परत यायचं. नाही लागली, पुन्हा उठायचं. रात्रीतून चारदा उठावं लागलं तरी चालेल. पण अंथरुणात पडून झोपेची वाट बघायची नाही, हिशोब करायचा नाही, फोन बघायचा नाही. पंधरा मिनिटं मोजायला घड्याळाकडेही बघू नका. "दोन वाजले, आता तीनच तास उरले" या विचारानंच उरलेली झोप पळते.

वहिनींनी विचारलं, उठून करू काय? टीव्ही लावला तर घर जागं होतं. मी म्हटलं, वाती वळा. घरचा कापूस आहेच. फुलवाती, लांब वाती, हात चालू आणि डोकं रिकामं. त्यांना ते पटलं.

याच्या जोडीला दुसरं एक करायचं असतं, आणि ते ऐकून त्या माझ्यावर रागावल्याच. आठवडाभर रोज सकाळी गटाच्या जुन्या वहीत त्यांच्या मुलानं लिहून ठेवलं, आई किती वाजता पडली, अंदाजे किती झोप झाली. निघालं असं की त्या नऊ ते पाच म्हणजे आठ तास अंथरुणात असायच्या आणि झोपायच्या जेमतेम पाच तास. मग मी सांगितलं, आता साडेअकराच्या आत अंथरुणावर पडायचं नाही. उठायचं मात्र पाचलाच, झोप झालेली असो वा नसो. "आधीच झोप नाही अन् तुम्ही अजून जागवायल्या का मला?" हो, जागवायचंच. झोपेची भूक साठवायची, आठ तासांत विस्कटलेली झोप साडेपाच तासांत गोळा करायची. ती सलग व्हायला लागली की दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे पडायचं.

पहिला आठवडा वाईट गेला, हे लपवत नाही. त्यांची चिडचिड झाली, भाकरी करपल्या, नवऱ्याला टोचून बोलल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी साडेअकराला पडल्या त्या थेट चारला जाग आली. तीन-चार आठवड्यांनी सव्वाअकरा, मग अकरा. आता साडेदहाला पडतात. सगळ्याच रात्री छान जातात असं नाही. पण अंथरुणाचा धसका गेला, आणि त्या काळात वळलेल्या वाती त्रिपुरी पौर्णिमेला देवळात देऊनही उरल्या.

ही झोप आवळायची रीत सगळ्यांसाठी नाही, हे नीट ऐका. फिट येत असतील, गरोदरपण असेल, पदराशी तान्हं असेल, किंवा मन कधी फार चढणं आणि कधी फार उतरणं असा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. साडेपाच तासांच्या खाली तर कुणीच जाऊ नका. आणि पहिले पंधरा दिवस डोळ्यांवर झापड असते, तेव्हा मळणी यंत्र आणि कडबाकुट्टीपासून लांब राहा. तान्ह्या बाळाच्या आईला तर दुपारच्या झोपेचा नियमही लागू नाही. बाळ झोपलं की तिनं झोपावं, आणि भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

बाकीच्या बारीक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतात, पण आपण मानत नाही. चहाचं घ्या. चहा प्यायल्यावर पाच-सहा तासांनीही त्याचा निम्मा अंमल अंगात असतो. संध्याकाळी सहाचा कप रात्री बाराला छातीवर बसतो. पाहुणे आले तर त्यांना द्या, तुम्ही घेतलाच पाहिजे असं कुठं आहे? मिश्रीचंही तसंच. रात्री झोपायच्या आधी मिश्री लावून शांत वाटतं असं बाया सांगतात. ती शांती तलफ भागल्याची असते. तंबाखू शरीराला जागं करते, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच.

उन्हाळ्यात परभणीला कुणी झोपेचं व्याख्यान देऊ नये, एवढं खरं. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि पत्र्याचं घर रात्री बारापर्यंत भट्टीसारखी धग सोडत राहतं. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं, म्हणून त्या दिवसांत झोप उशिरा लागणं साहजिकच आहे. पत्र्यावर पांढरा चुना मारला तर दिवसा तापणं कमी होतं. पाणी असेल तर झोपण्याआधी तास-दीड तास कोमट पाण्यानं अंघोळ करा, नाहीतर निदान हातपाय धुवा. अंघोळीनं कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. अंगणात किंवा गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावाच आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. डास आणि विंचू-काट्याची भीती दोन्ही कमी होतात, आणि भीती गेली की झोप येते.

आता जरा अवघड विषय. बाईची झोप एकट्या बाईच्या हातात नसते.

आपल्याकडे शेतीपंपाची वीज आळीपाळीनं येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की घरधनी बॅटरी आणि काठी घेऊन बाराला निघतो. त्याच्यासाठी बाई उठते, चहा ठेवते, कडी लावते आणि तो येईपर्यंत कानोसा घेत पडून राहते. साप, विजेचा धक्का, विहिरीचा कठडा, काय काय डोळ्यांसमोर येतं. मग तीनला दार उघडते आणि पाचला उठते. अशा बाईला "वेळेवर झोपा" म्हणणं म्हणजे चेष्टाच. तिच्यासाठी घरानं बदलावं लागतं. एका गावात शेजारच्या दोन-तीन वावरांच्या माणसांनी सोबत जायचं ठरवलं, किल्ली स्वतःजवळ ठेवायची, पायात बूट घालायचे, पोचल्यावर आणि निघताना एक मिसकॉल द्यायचा. चहा संध्याकाळीच थर्मासमध्ये भरून ठेवायचा. या साध्या गोष्टींनी बायकांच्या रात्रीचे दोन-अडीच तास वाचले. सौर पंप बसला तर दिवसा पाणी देता येतं. अर्ज करताना लोक विजेच्या बिलाचा विचार करतात, बायकांच्या झोपेचाही करावा. आणि रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटं पडायला हरकत नाही, त्यानं रात्रीची भूक मरत नाही.

काही घरांत बाई वेगळ्याच कारणानं जागी असते. तो पिऊन येणार, आल्यावर काय होईल, याची वाट बघत. तिच्यासाठी वाती वळायचा सल्ला मी देणार नाही. तिचं शरीर तिला सावध ठेवतंय, ते बरोबरच आहे. तिला आधी सुरक्षित रात्र पाहिजे. महिला हेल्पलाईन १८१ हा नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जीवावर बेतलं तर ११२.

हप्त्यांच्या काळजीबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. गटाचं कर्ज, फायनान्सचं कर्ज, बियाण्याची उधारी, हे सगळं रात्री दोनला मोठं दिसतं. त्याची वेळ बदला. दिवेलागणीला, स्वयंपाकाला लागायच्या आधी, पंधरा मिनिटं नवऱ्याला किंवा मुलीला सोबत घेऊन बसा. काय देणं आहे आणि उद्या त्यातलं नेमकं काय करायचं, तेवढंच बोला. लिहिता येत असेल तर लिहा. नसेल तर आपल्या आज्या करायच्या तसं करा, उद्याच्या कामाची पदराला गाठ मारा. रात्री तोच विचार आला की गाठ चाचपा, काम उद्याच्या नावावर लागलंय. ऐकायला पोरकट वाटेल, पण मन एकदा टिपून ठेवलेली गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळत नाही, निदान कमी उगाळते.

एवढं करूनही झोप सुधारली नाही, तर शरीरात काही आहे का ते बघावं लागतं. पडल्यावर पोटऱ्यांत मुंग्या, पाय हलवल्याशिवाय चैन नाही, असं होत असेल तर रक्त तपासा. लोह कमी असलं की असं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे आपल्या गटातल्या दहाजणींतल्या पाच. तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल तर साखर तपासा. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होऊन दचकणं, दिवसा बसल्या जागी पेंग, हे असेल तर डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगा. चाळिशीच्या पुढे रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घामानं पोलकं भिजतं, ते पाळी जाण्याचं लक्षण असतं. पिशवीचं ऑपरेशन झालेल्या आणि सोबत अंडाशयही काढलेल्या बायांना हे तिशी-पस्तिशीतच सोसावं लागतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. आपल्या जिल्ह्यातूनही बाया तोडीला जातात. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपचार आहेत.

आणि एक लक्षण असं, जे ऐकल्यावर मी बैठक संपवून त्या बाईसोबत घरी जाते. रोज पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. जेवणाला चव नाही, लेकरांशी बोलावंसं वाटत नाही, आपण नसलेलंच बरं असं वाटतं. असं दोन आठवडे राहिलं तर ते मनाचं दुखणं आहे आणि ते औषधानं, बोलण्यानं बरं होतं. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात परभणी आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासी यांचे प्रश्न विचारायचे, हे त्याच प्रकल्पातलं काम. आशाताईनं विचारलं तर "सगळं बरंय" म्हणून वाटेला लावू नका, आणि घरातल्या पुरुषालाही खरं बोलू द्या. झोप त्याचीही उडालेली असते, तो फक्त सांगत नाही. टेली मानसचा नंबर १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात. घरात असं कुणी असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि फवारणीच्या औषधाची बाटली त्याच दिवशी घरातून हलवा. माळ्यावर, पलंगाखाली, धान्याच्या खोलीत, कुठंच नको. वाईट विचार बऱ्याचदा घटकाभराचा असतो, आणि त्या घटकेला हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

आता गोळी. झोपेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती शेजारणीच्या डब्यातून मिळतेच. थोडे दिवस, कारण बघून, डॉक्टरांनी दिली तर ती उपयोगी पडते. महिनोन् महिने घेतली की शरीराला सवय लागते, एकाच्या दोन होतात. म्हातारी माणसं गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठतात आणि पडतात. खुब्याचं हाड मोडलेल्या सासूबाई मी पाहिल्या आहेत, पुढे त्या उठल्याच नाहीत. पण ज्या कुणी बरेच महिने गोळी घेत असतील त्यांनी हे ऐकून आज रात्रीच ती बंद करू नका. एकदम सोडली तर थरथर, घाबरणं, कधी फिटही येऊ शकते. डॉक्टरांकडे जा आणि "मला ही हळूहळू कमी करायची आहे" असं सांगा. ते आधी पाऊण, मग अर्धी, असं करत आठवड्यांनी उतरवतात. जाताना आठवड्याची ती झोपेची वही सोबत न्या, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, दुकानातून आणलेल्या सर्दी-खोकल्याच्यासुद्धा.

पुढच्या वेळी पाळी जाण्याच्या वयाबद्दल बोलू. तोपर्यंत ज्यांना वही सुरू करायची असेल त्यांनी उद्या सकाळपासून करा. तीनच रकाने पुरतात: कधी पडले, कधी उठले, अंदाजे किती झोपले. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला हाताशी धरा. नमस्कार.